पंपावरचा हवेचा कोपरा

हवा विकत घेतात हे माझ्या चुलत जावेला डोळ्यांनी बघूनही पटत नव्हतं. ती जालन्याकडून आली होती आणि मला भेटायला मुलुंडच्या आमच्या पेट्रोल पंपावर येऊन बसली होती. तिच्यासमोर एका माणसाने गाडीच्या चारही चाकांत नायट्रोजन भरून घेतला, पैसे दिले आणि निघून गेला.

"काय भरलंस गं त्यात?" तिने विचारलं.

"हवा."

"मग पैसे कशाचे?"

"ती वेगळी हवा."

पलीकडच्या मशीनवर रिक्षावाले फुकट हवा भरत होते. तिने तिकडे बोट केलं. "आणि ती?"

"ती साधी."

तिने गावी जाऊन ही गोष्ट घरोघर सांगितली. अजून मी गेले की कुणीतरी विचारतंच, मुंबईत आता हवेलाही पैसे पडतात का.

या हवेच्या कोपऱ्यात माझी जवळजवळ सगळी नोकरी झाली. दिवाळी अंकाचे लोक म्हणाले, तुमच्या कामाबद्दल लिहा, तेव्हा मला आधी हसू आलं. हवेबद्दल काय लिहायचं? मग लिहायला बसले तर थांबता येईना.

मी पंपावर लागले तेव्हा नवऱ्याला जाऊन वर्ष व्हायचं होतं. तो भांडुपच्या एका कारखान्यात होता. कारखाना बंद पडला आणि त्यानंतर तो फार टिकला नाही. मुलगी स्मिता शाळेत होती. पंपाच्या शेठनी तेव्हा नुकत्याच बायका कामावर घ्यायला सुरुवात केली होती. खाकी पँट, निळा शर्ट. पहिल्या दिवशी पँट घालून वस्तीतून बाहेर पडताना मी ओढणी गळ्यात टाकली होती. कशासाठी, ते मलाच माहीत नाही. आधी पेट्रोलवर होते. त्या वासाने माझं डोकं धरायचं, म्हणून शेठनी मला हवेवर टाकलं. तिथे कुट्टी होता.

कुट्टी केरळचा. मुंबईत पंक्चर काढणारे बरेचजण तिकडचे, तसा हाही. पंपाच्या कुंपणाला लागून त्याची जागा होती: पाण्याचा टब, जॅक, रबराचे तुकडे आणि एक बुटकं स्टूल. बायको लीला आणि दोन मुलगे गावी. वर्षातून एकदा तो गावी जायचा आणि येताना केळ्याच्या वेफर्सचा डबा आणायचा. आमचं वय साधारण सारखं. त्यामुळे अहो-जाहो कधी झालंच नाही. तो मला मालती म्हणायचा, मी त्याला कुट्टी. मराठी तो फाडफाड बोलायचा, फक्त हवेला कायम पुल्लिंगी करायचा. "हवा गेला" म्हणायचा. मी सुरुवातीला सुधारत होते, मग सोडून दिलं. पुढे पुढे माझ्याही तोंडून एखाद्या गिऱ्हाइकासमोर "हवा कमी झाला" निघून जायचं आणि तो मागे वळून हसायचा.

काम त्यानेच शिकवलं. नळी लावताना फुस्स झालं तर ती नीट बसली नाही हे कसं ओळखायचं, काटा कुठे थांबला की पुरे, वॉल्व्हवर थुंकी लावून गळती कशी बघायची. थुंकी मला जमेना. मी साबणाच्या पाण्याची बाटली ठेवली. त्यावरून त्याने मला बरेच दिवस 'मॅडम' म्हणून हाक मारली.

काही वर्षांनी नायट्रोजनचं मशीन आलं. ते आमच्या कोपऱ्यात बसवलं आणि वर मोठी पाटी लागली. लोकांना वाटायचं, हा नायट्रोजन कुठूनतरी टाकीत भरून आणतात. तसं नाही. ते मशीन बाहेरचीच हवा आत ओढतं, तिच्यातला ऑक्सिजन आणि ओलावा गाळून टाकतं आणि उरलेला नायट्रोजन साठवतं. आपण श्वास घेतो त्या हवेतही निम्म्याहून कितीतरी जास्त नायट्रोजनच असतो. मग फरक काय? ऑक्सिजन रबरातून लवकर झिरपतो, नायट्रोजन जरा हळू. म्हणून नायट्रोजन भरलेलं चाक जास्त दिवस ताठ राहतं. ओलावा नसल्यामुळे आतल्या लोखंडाला गंज कमी लागतो आणि चाक तापलं तरी दाब फारसा वरखाली होत नाही. विमानाच्या चाकात नायट्रोजनच भरतात. पण घाटकोपरला सासरी जाऊन परत येणाऱ्या गाडीला एवढा काही फरक पडत नाही. साधी हवा वेळच्या वेळी बघितली तरी गाडी तशीच पळते.

कुट्टी प्रत्येकाला एकच सांगायचा, "दोन्ही चांगला. फक्त बघत राहायला पाहिजे."

नायट्रोजन भरायचा तर आधी चाकातली जुनी हवा सगळी सोडावी लागते. नाहीतर दोन्ही मिसळतात आणि पैसे फुकट. वॉल्व्हची पिन दाबून धरायची, चाक रिकामं होईपर्यंत. मग नायट्रोजन भरायचा, पुन्हा थोडा सोडायचा, पुन्हा भरायचा. शेवटी वॉल्व्हवर हिरवं टोपण लावायचं, म्हणजे पुढच्या माणसाला कळतं की आत काय आहे.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. एकाने नायट्रोजन भरून घेतला आणि पंपाला फेरी मारून परत आला, म्हणाला, गाडी उडाल्यासारखी चालतेय. एक काका चिंतेत होते. बायकोला दमा, गाडीत नायट्रोजनचा वास तर येणार नाही ना? कुट्टीने नळी त्यांच्या नाकासमोर धरून जरासा सोडला. काकांनी डोळे मिटून वास घेतला. "कशाचाच येत नाही," ते म्हणाले आणि चारही चाकं भरून गेले. आमच्या वस्तीतल्या जयंतीच्या मिरवणुकीचा टेम्पो दरवर्षी आमच्याकडे यायचा. कुट्टी त्याची चाकं खाली वाकून, हात फिरवून बघायचा, आणि त्या दिवशी माझी सुट्टी असली तरी मी टेम्पोबरोबर पंपापर्यंत यायचे.

दुपारी गिऱ्हाईक कमी असायचं. मी भाकरी आणि ठेचा आणायचे, तो भात आणायचा, आम्ही वाटून खायचो. पंपाच्या फलकाची सावली सरकत जायची. मी एखाद्या गाडीकडे जायचे आणि परत यायचे तर माझं स्टूल सावलीत सरकवलेलं असायचं.  

आता त्या निळ्या गाडीबद्दल सांगते.

एक गृहस्थ दर शनिवारी सकाळी यायचे, जुनी, लहान, निळी गाडी घेऊन. मुलुंड पूर्वेला राहायचे. फार बोलायचे नाहीत. दाब मोजायचा मीटर स्वतःच आणायचे आणि हवा स्वतः भरायचे. आम्ही फक्त नळी हातात द्यायची. जाताना मान हलवायचे. त्या साथीच्या वर्षात ते यायचे बंद झाले. आम्ही कुणाचीच चौकशी करत नव्हतो तेव्हा, कारण उत्तराची भीती वाटायची.

बऱ्याच महिन्यांनी तीच गाडी आली. चालवत होत्या एक बाई, दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरून. त्या त्यांच्या पत्नी, अनघाताई. मिस्टर गेले होते. गाडी इमारतीखाली उभीच होती, आणि आता सासूबाईंना आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी ऐरोलीला न्यायचं म्हणून त्या गाडी शिकल्या होत्या. चाकं बसली होती.

"नायट्रोजन भरा," त्या म्हणाल्या. "त्याने जास्त दिवस टिकते ना?"

कुट्टी पुढच्या चाकाशी बसला, टोपण काढलं आणि पिन दाबली. हवा सुटायला लागली.

"थांबा, काय करताय?"

"जुना हवा सोडतो, ताई. नाहीतर नायट्रोजन भरता येत नाही."

त्या गाडीतून उतरल्या. दाराला धरून उभ्या राहिल्या. "सोडू नका," त्या म्हणाल्या. "ती ह्यांनी भरलेली आहे."

कुट्टीने अंगठा उचलला. मी नायट्रोजनची नळी हातात धरून तशीच उभी. मागे एक गाडी हॉर्न वाजवत होती. कुट्टीने त्या गाडीवाल्याला हाताने थांबायला सांगितलं, ताईंना काही विचारलं नाही, समजावलं नाही. एवढंच म्हणाला, "ठीक आहे. आधीचा आत राहू दे. मी साधा हवा वरून घालतो."

चारही चाकांत त्याने वरून थोडी थोडी हवा घातली. त्यानंतर त्या दर पंधरवड्याला येऊ लागल्या. कुट्टी दरवेळी तसंच करायचा. आत आता त्यांच्या मिस्टरांची हवा कितीशी उरली असेल, हे त्याला आणि मला कळत होतं. त्यांनाही कळत असणार. तिघांपैकी कुणी तो विषय काढला नाही.

पण टायर म्हणजे रबर. उन्हात, पाण्यात उभं राहून ते सुकतं. या टायरांच्या कडांना बारीक भेगा पडायला लागल्या होत्या. कुट्टी त्यांच्यावरून बोट फिरवायचा आणि माझ्याकडे बघायचा.

"तू सांग तिला," तो मला म्हणाला. "बाईमाणूस आहेस."

"टायर तुझं काम आहे. तू सांग."

"मला नाही जमणार, यार."

असे आम्ही दोघं एकमेकांवर ढकलत राहिलो. मग एका सकाळी त्या आल्या. सासूबाई मागच्या सीटवर, उशी पाठीला घेऊन. कुट्टी पुढच्या डाव्या चाकाशी वाकला आणि तसाच राहिला. मी जाऊन बघितलं. टायरच्या बाजूला फुगा आला होता, लिंबाएवढा. आतले धागे तुटले की तिथे रबर फुगतं. असं चाक वेगात कधीही फुटतं.

कुट्टी उठला. "ताई, ही गाडी ऐरोलीच्या पुलावर न्यायची नाही."

"आज डायलिसिस आहे. आल्यावर बघते."

"नाही. आज नाही नेणार."

"तुम्ही कोण सांगणारे?" त्यांचा आवाज चढला. "टायर विकायचे आहेत का तुम्हाला?"

कुट्टीकडे विकायला एक टायर नव्हता. तो गाडीच्या पुढे जाऊन उभा राहिला, हात बाजूला सोडून. त्याचा चेहरा मी असा कधी बघितला नव्हता. मी ताईंच्या खिडकीशी गेले. मला गोड बोलता येत नाही, तेव्हाही आलं नाही.

"ताई, मागे आई बसल्यात," मी म्हटलं.

त्यांनी आरशात बघितलं. सासूबाई काही न कळून हसल्या. ताईंनी इंजिन बंद केलं.

आम्ही रिक्षा बोलावली. रोजच्या एका ओळखीच्या रिक्षावाल्याबरोबर त्या आणि सासूबाई ऐरोलीला गेल्या. गाडी आमच्या कोपऱ्यात राहिली. संध्याकाळी त्या एकट्याच परत आल्या. समोरच्या दुकानात टायर सांगितले होते, तिथला माणूस जुनी चाकं न्यायला आला होता. कुट्टी जॅक लावायला वाकला तसं त्या म्हणाल्या, "हवा मी सोडते. चालेल ना?"

कुट्टीने स्वतःचं स्टूल चाकाशी ठेवलं. पिन कशी दाबायची ते दाखवलं आणि मागे सरकला. त्या साडी सावरून बसल्या. एका चाकाची हवा हाताने सोडायला वेळ लागतो. आधी जोरात येते, मग बारीक होते, मग नुसता गारवा बोटाला लागत राहतो. त्या शेवटपर्यंत बोट धरून बसायच्या आणि मग पुढच्या चाकाकडे जायच्या. दुकानाचा माणूस घड्याळ बघायला लागला तर कुट्टीने त्याला माझ्या वाटणीचा चहा दिला आणि बाजूला बसवलं. मी दुसऱ्या गाड्यांची हवा भरत होते, पण त्या आवाजाकडेच माझं लक्ष होतं. माझा नवरा गेला तेव्हा मला रडायलाही सवड नव्हती. रेशनकार्ड, शाळेची फी, खोलीचं भाडं. त्या संध्याकाळी, एका अनोळखी माणसाच्या हवेसाठी, मी रिक्षाच्या चाकाशी वाकून डोळे पुसले.

चारही चाकं झाल्यावर ताईंनी विचारलं, "आणि डिकीतलं?"

डिकीत स्टेपनी होती. कुट्टीने ती बाहेर काढली, दाबून बघितली, कडेने बोट फिरवलं. ती कधी रस्त्यावर उतरलीच नव्हती. मीटर लावला नाही, कारण मीटर लावला की थोडी हवा सुटते.

"हा चांगला आहे," तो म्हणाला. "हा नाही सोडायचा." आणि परत डिकीत ठेवली.

नव्या टायरांत काय भरायचं, नायट्रोजन की साधी, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, "साधीच. आणि मला शिकवा. मी भरत जाईन." त्या अजून तशाच भरतात, असं आता पंपावर कामाला असलेली मुलगी सांगते.

त्या संध्याकाळी ताई गाडी घेऊन निघाल्यावर कुट्टी स्टुलावर बसून राहिला. गाड्या येत होत्या, त्या मी बघितल्या. शेवटी मी त्याच्याकडे गेले.

"काय रे, काय झालं?"

"मालती, अख्ख्या मुंबईच्या गाड्यांत माझा हवा फिरतोय." तो हातांकडे बघत होता. "माझ्या घरी माझ्या हातचं काय आहे, सांग. लीलाला मी पैसे पाठवले. घर बांधलं, तेही गवंड्याने. मी उद्या गेलो तर ती काय धरून बसेल?"

मला त्याला पुष्कळ काही सांगता आलं असतं. मुलगे शिकले ते कुणामुळे, छप्पर कुणामुळे. आणखीही काही सांगता आलं असतं, जे मी स्वतःशीही कधी उच्चारलं नव्हतं. पण तो माझ्याकडे खरं उत्तर मागत होता. इतक्या वर्षांत आम्ही एकमेकांशी खोटं बोललो नव्हतो.

"मग जा ना घरी," मी म्हटलं.

तो माझ्याकडे बघत राहिला. "जाऊ?"

"जा. गुडघे तसेही गेलेत तुझे. इथे काय ठेवलंय?"

तो काहीतरी बोलेल असं मला वाटलं. एक रिक्षा येऊन उभी राहिली, मागच्या चाकात हवा कमी होती. तो उठला आणि भरायला गेला.

त्याच वर्षी ओणमच्या आधी तो गेला. टब, जॅक, सगळं भांडुपच्या एका ओळखीच्या माणसाला दिलं. निघायच्या दिवशी कुर्ल्याला गाडी पकडायची होती, तरी सकाळी कोपऱ्यात येऊन त्याने दोन्ही मशीन पुसली, नळ्या गुंडाळल्या. मी डबा करून नेला होता, भाकरी आणि ठेचा, प्रवासाला पुरेल एवढा. तो म्हणाला, "गाडीत सगळे विचारतील, हा कुठला मराठी." मी म्हटलं, "सांग, मुलुंडचा." एवढंच झालं. त्याने बॅग उचलली आणि स्टेशनच्या रस्त्याला लागला. त्या दिवशी पंपावर गर्दी होती, ते बरं झालं.

त्यानंतर मीही फार वर्षं काढली नाहीत. त्याच्या जागी नवीन मशीन आलं, आकडा टाकला की आपोआप भरतं आणि झालं की वाजतं. चांगलं मशीन आहे. त्याच्याशी बोलावं लागत नाही. स्मिता नर्स झाली, तिने मला घरी बसवलं. पंपावरून बसने जाताना मी अजून त्या बाजूच्या खिडकीतून बघते. कोपरा तिथेच आहे. उन्हात कुणीतरी उभं असतं.

कुट्टी महिन्या-दोन महिन्यांनी फोन करतो. लीला अंगणवाडीत कामाला जाते, स्कूटरवरून. रोज सकाळी ती निघायच्या आधी हा हातपंपाने तिच्या स्कूटरमध्ये हवा भरतो, गरज असो वा नसो. "ती ओरडते," तो सांगतो, "रोज कशाला, म्हणते. पण थांबते." ऐकून मला बरं वाटतं. खरंच वाटतं. आणि फोन ठेवल्यावर मी बराच वेळ गॅसजवळ उभी राहते, काय करायचं होतं ते आठवत नाही.

परवा त्याचा फोन आला तेव्हा मी त्याला सांगितलं, दिवाळी अंकासाठी लिहितेय.

"कशावर?"

"हवेवर."

तो हसला. "वाच ना मग."

मी वाचून दाखवलं. नायट्रोजन कसा तयार होतो, जुनी हवा आधी का सोडायची, हिरवं टोपण कशासाठी. त्याने मध्येच अडवलं. "हवा सकाळीच बघायचा, गाडी चालवायच्या आधी, टायर थंड असताना. ते लिहिलंस का?" नव्हतं लिहिलं. लिहिते म्हटलं, आणि हे लिहिलं. निळ्या गाडीचं, ताई हवा भरायला शिकल्या तिथपर्यंत वाचलं आणि मी थांबले. तिकडे कोंबडा ओरडत होता आणि कुणीतरी विहिरीवर बादली सोडली.

"पुढे?" त्याने विचारलं.

"पुढे काही नाही. एवढंच."

"चांगलं लिहिलंस," तो म्हणाला. "अंक छापून आला की पाठव मला."

पाठवणार आहे. कुट्टीला मराठी बोलता येतं, वाचता येत नाही.